रतनभाऊंच्या गोळ्या

महिनाभरापूर्वी सकाळी लोणखेड्याहून, रतनभाऊंच्या घरून, वहिनींचा फोन आला. "आप्पा, त्या ग्यात..." एवढंच बोलल्या. रतनभाऊ चहा पिता पिता खुर्चीतच गेले. दुखणं हृदयाचं होतं, ते जुनंच. पण मला आठवत राहिली ती चार वर्षांपूर्वीची सुरतच्या दवाखान्यातली दुपार.

आम्ही दोघं एसटीत. ते ड्रायव्हर, मी कंडक्टर. धडगावच्या घाटात अठरा वर्षं एकत्र गाडी नेली. त्यांच्या हातात स्टिअरिंग असलं की प्रवासी निर्धास्त झोपत. त्या सीटनंच त्यांची कंबर खाल्ली. शेवटी शेवटी गाडीतून उतरताना ते दाराचा दांडा धरून मिनिटभर उभे राहत, मग पाऊल टाकत. मणक्यात तीन ठिकाणी नस दबली होती, ऑपरेशन ठरलं. हृदयासाठी शहाद्याच्या डॉक्टरांनी रक्त पातळ करणारी गोळी दिलेली. शिवाय दुकानातून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या ते मुठीनं खात. हे मला ठाऊक होतं. तपासणीला आत जाताना ते हळूच म्हणाले, "डाक्टरले सांगू नको, आप्पा. तारीख पुढे ढकली देतीन. आते सहन नही व्हत." आत डॉक्टरांनी स्पष्ट विचारलं, रक्त पातळ करणारं काही घेता का? भाऊंनी नाही म्हणून मान हलवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहत राहिलो...

ऑपरेशन नीट झालं. दुपारी पाठीत कळ वाढली. मी पायावर चादर ओढली, तर ते म्हणाले, "पाय झाक ना." पाय झाकलेलेच होते. मी धावत नर्सला बोलावलं. जखमेच्या आत रक्त साचून पायांकडे जाणाऱ्या नसांवर दाब आला होता. लगेच पुन्हा ऑपरेशन करावं लागणार होतं, आणि ऑपरेशन थिएटरच्या दारात मी डॉक्टरांना गोळ्यांचं सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "वय, ब्लडप्रेशर, तीन मणक्यांचं काम... एवढा धोका आम्ही धरलेला होता. रक्ताच्या साध्या तपासणीत या गोळ्या दिसत नाहीत. त्या तुम्हीच सांगायला हव्या होत्या."

पाय परत आले, पण अर्धेच. उजवा ओढत चालायचे. भाऊंनी पुन्हा गाडी चालवली नाही. बरेच दिवस मी त्यांच्या घराकडे फिरकलो नाही. एकदा तेच काठी टेकत डेपोत आले, माझ्या शेजारी बसले. "तू कसाले तोंड लपाडस? मीच तुले गप्प करं व्हतं," म्हणाले. त्यांचं हे म्हणणं मी मान्य केलं नाही... अजूनही करत नाही. त्यानंतर डेपोतलं कुणीही ऑपरेशनला निघालं की भाऊ त्याच्या घरी जाऊन बसत, गोळ्यांचा डबा खाटेवर ओतायला लावत आणि एकेक नाव कागदावर लिहून घेत. लोक हसत. पण कागद घेऊन जात.

उत्तरकार्यानंतर मी गेलो, तेव्हा वहिनी भाऊंचे कपडे कपाटातून काढून आवरत बसल्या होत्या. प्रत्येक शर्टाच्या खिशात पुठ्ठ्याचं एकेक कार्ड निघालं. त्यावर स्वतःच्या गोळ्यांची नावं, सकाळ-संध्याकाळ, सुवाच्य अक्षरात. वहिनींनी शेवटचा शर्ट माझ्यापुढे धरला, दुकानातली घडीही न मोडलेला.

"हाऊ तर त्यासनी अंगवर बी घालेल नव्हता," त्या म्हणाल्या.

त्याच्याही खिशात कार्ड होतं.