दाजींच्या अंगनातला समुद्र

जपान कुनाला बघायचा आसंल तर त्यानं विमानाचं तिकीट काढू नये, तिसगावला येऊन आमच्या दाजींच्या अंगनात उभं ऱ्हावं. दाजी म्हंजे माझ्या थोरल्या बहिनीचा नवरा. त्यांनी समुद्र जल्मात बघितला न्हाई. म्या बघितलाय, पन मला एवढंच सांगता येतं की पानी खारट हुतं आन माझी एक चप्पल गेली.

दाजींची पोरगी लग्न करून तिकडं गेली, मोठ्या शहराला खेटून समुद्राकाठी आसलेल्या एका गावात. गावाचं नाव माझ्या जिभंला पेलत न्हाई. तवापासनं दाजींनी चुलीच्या राखंनं अंगनात ते गाव काढलंय. हिकडं नदी, तिकडं समुद्र, मधी जुना बांध. लग्नाची पत्रिका घेऊन आलेला पाव्हना आसला तरी त्याला भरतीच्या पान्यात उभं करून सांगत्यात, "बांधाच्या आत कोळ्यांचं जुनं गाव. शिंपल्या काढायचे, समुद्रातलं शेवाळ पापडावानी वाळवायचे. मग कारखान्याच्या घान पान्यानं मासं मेलं, कोळ्यांनी हक्क सोडला, सरकारनं समुद्र बुजवला. बांधाच्या भायेर दिसतंय ते समदं भराव."

आतनं बहीन वरडती, "आवो, पाव्हन्याला भायेर काढा, चहा गार व्हतोय."

म्या एकदा इचारलं, "दाजी, एवढी माती टाकल्यावर तिथलं पानी कुठं गेलं? आपल्या तळ्यात सोडायचं की."

दाजी म्हनले, "पाव्हनं, तुमी बांधावर हाय. तिथंच ऱ्हावा."

भरावाचं त्यांना लई भ्याव. आमच्याकडं जोत्यात भराव टाकला की त्याला पानी पाजत्यात, बसू देत्यात, मग फरशी. म्या घाई केली. आता आमच्या घरात जेवायला बसलं की ताटातली आमटी एका कडंला येती. म्हनून दाजी पोरीला फोनवर दर बारीला इचारायचे, "घर जुन्या बाजूलाच हाय ना?" ती म्हनायची, "व्हय आप्पा." दाजींनी तिच्या घराचा म्हनून एक तांबडा खडा बांधाच्या आत ठिवला हुता.

मागल्या म्हैन्यात टीव्हीवर तिकडचा भूकंप दावला. दिसभर फोन लागंना. दाजी राखंजवळ बसून हुते, जेवले न्हाईत. दिस मावळताना फोन आला. "आप्पा, आमी बरे हाय. इमारतीला काय झालं न्हाई. दारापुढचा रस्ता तेवढा फुटला, खालनं गाळ-पानी वर आलं."

दाजी एवढंच म्हनले, "जेवलीस का?"

फोन ठिवल्यावर म्या म्हनलं, "बरं झालं, घर जुन्या जाग्यात हाय."

"जुन्या जाग्यातनं गाळ वर येत नसतो, पाव्हनं."

त्यांनी खडा उचलला, बांध वलांडून भरावावर ठिवला. मग टँकरच्या पिंपातनं तांब्या भरून खड्याभवती पानी सोडाय लागले. तांब्याभर पानी सांडलं तर घर डोक्यावर घेनारी माझी बहीन आत गेली आन कळशी आनून त्यांच्याजवळ ठिवली.

तवापासनं रोज दिवेलागनीला दाजी तिथं पानी घालत्यात. काल म्या बी तांब्या भरला आन भडाभडा वताय लागलो, तर त्यांनी माझा हात धरला.

"हळू वता, पाव्हनं. तिकडं रात झालीया. पोरगी झोपली आसंल."