मायाक्काने वापरलेलं वर्ष

मायाक्काला कुणी ‘असं करत नाहीत’ म्हटलं, की ती मान तिरकी करून विचारायची, “कुठं लिव्हलंय?” सांगलीच्या वसतिगृहात ती माझ्या खोलीत राहायला आली, त्याच आठवड्यात तिने हे रेक्टरबाईंना विचारलं. मुलींनी गच्चीवर अभ्यासाला बसायचं नाही, असं बाईंचं म्हणणं होतं. लिहिलेलं कुठेच नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघी गच्चीवर बसू लागलो. मी आष्ट्याच्या बाजारपेठेत वाढलेली, समोरच्याला आधी ‘हो’ म्हणणारी. ती जतकडच्या मेंढपाळांची.

अकरावीत असताना जर्मनीतल्या शाळेत वर्षभर शिकायला तिची निवड झाली. खर्च शिष्यवृत्तीतून, राहायचं तिथल्या कुटुंबात. वडील वारल्यापासून घरात शब्द चालायचा तो थोरल्या चुलत्यांचा, तात्यांचा. ते वसतिगृहावर आले आणि माझ्यासमोरच म्हणाले, “वयात आल्याली पोरगी वरीसभर परक्याच्या घरात ठिवायची? लोक तोंडात शेण घालत्याल.”

“आवं तात्या, दरसाल आपण मेंढरं घिऊन कर्नाटकात जातो. परक्याच्या रानात बसतो, परक्याच्या हिरीचं पाणी पितो. माझा जलम तसल्याच रानात झाला. तवा कुणी शेण घातलं न्हाई.”

“ते पोटासाठी.”

“भूक मला बी हाय.”

तात्या चहा न घेता निघून गेले. सह्या तिच्या आईने केल्या.

पहिलं घर वाईट निघालं. तिथल्या बाईला विद्यार्थिनी नको होती, पोरं सांभाळणारी हवी होती. शाळेची सहल समुद्रावर निघाली तेव्हा तिने मायाक्काला धाकट्यांपाशी थांबवून ठेवलं. वर ऐकवलं, तुझ्या गावापेक्षा इथे बरं आहे ना, मग उपकार मान. मायाक्का म्हणाली, उपकार मानते, चाकरी करणार नाही. तिने शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेकडे दुसरं घर मागितलं. ते मिळेना, तेव्हा संस्थेचे लोक तिला परत पाठवायच्या गोष्टी करू लागले. मी फोनवर म्हटलं, “ये गं परत, पुरे झालं.” ती म्हणाली, “मी येणार न्हाई. घर शोधणं त्यांचं काम हाय. त्यांनी करावं.”

शेवटी शाळेजवळ एकट्या राहणाऱ्या हाना नावाच्या निवृत्त नर्सने तिला ठेवून घेतलं. समुद्रही तिनेच दाखवला. त्या दिवशी मायाक्काचा निरोप आला, “लय पाणी हाय गं. आन् घोटभर पिता येत न्हाई.”

परतल्यावर कॉलेजने तिला बारावीत घेतलं नाही. धाकट्या मुलींबरोबर ती पुन्हा अकरावीला बसली, तीही पहिल्या बाकावर. तात्या म्हणाले, “वरीस वाया गेलं.”

“वाया न्हाई गेलं. वापरलं.”

गेल्या थंडीत हाना तिच्या गावच्या घरी राहायला आली. सांगलीहून मीही त्यांच्याबरोबर गेले. हाना चुलीपाशी मांडी घालायला धडपडत होती, मायाक्काची आई तिच्या ताटात भाकरीवर भाकरी वाढत होती. तात्या अंगणात खाटेवर बसून बघत होते. त्यांनी मायाक्काला बोलावून हळूच विचारलं, “ही बाई किती दिस ऱ्हाणार?”

“ठावं न्हाई,” ती म्हणाली. “तिनं मला कवा इचारलं न्हवतं.”

आणि तिने तात्यांच्या खाटेवरचं जाड घोंगडं उचललं, झटकलं, आणि हानाच्या खांद्यांवर नेऊन टाकलं. तात्यांनी अडवलं नाही.