ओली वाळू

वाळूकाकांचं खरं नाव प्रयोगशाळेत कुणाला आठवत नसे. सव्वीस वर्षं त्यांचं एकच काम: पोलादी नळकांड्यात कोरडी वाळू भरायची, आत वायू सोडायचा, मग पाणी, आणि गारठ्यात, दाबाखाली, कणांमधल्या पोकळ्यांत हायड्रेट धरू द्यायचा. म्हणजे काडी लावली तर पेटणारा बर्फ. समुद्रतळाच्या वाळूत तो असतो. इंधनासाठी तो काढताना तळ खचेल का, हे सांगणारी समीकरणं प्रयोगशाळेतल्या संशोधक मॅडम मांडत होत्या. नमुना किती भार सोसतो, ते काका मोजून द्यायचे.

गेल्या महिन्यापासून नमुन्यांच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. तीच वाळू, तेवढाच हायड्रेट, पण भार दुप्पट सोसायला लागले. काकांनी मापकं तपासली, सील बदलले. डोकं चालेना.

"काका, सोमवारी अहवाल द्यायचाय," मॅडम म्हणाल्या. "जुने आकडे चुकीचे की नवे, एवढं सांगा. नाहीतर माझी दोन वर्षं वाया गेली."

घरी बायकोने पाण्याचा पेला पुढे केला, तोही अर्धाच भरलेला. हल्ली ती अर्धाच भरते, हे काकांना आज दिसलं. म्हणजे तिला कळलं होतं तर. त्यांचा हात थरथरायचा. कोरडी वाळू सांडायची, म्हणून महिनाभर ते ती किंचित ओलवून भरत होते; नंतर पाणी सोडायचंच असतं, तर एवढ्या ओलीने काय बिघडणार, असं त्यांना वाटलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं तर या वयात हातातलं काम काढून नुसतं खुर्चीवर बसवतील, ही धास्ती.

सकाळी त्यांनी सगळं सांगून टाकलं. मॅडमनी जुन्या आणि नव्या आकड्यांचे कागद शेजारी शेजारी ठेवले.

"ओल कणांच्या सांध्यांत राहते," त्या म्हणाल्या. "वायू आला की हायड्रेट तिथेच धरतो, कण चिकटवतो. आकडे दोन्ही बरोबर आहेत, काका. हायड्रेट कुठे धरलाय, हे माझ्या समीकरणात नव्हतंच."

काकांना कळेना, लाजायचं की खूश व्हायचं.

"आज दोन नमुने करू. एक ओला, एक कोरडा."

"कोरडा माझ्याच्यानं नाही होणार," काका म्हणाले. हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच उच्चारलं.

मॅडमनी बाह्या सरसावल्या. पहिल्याच चमच्याला निम्मी वाळू टेबलावर.

"मनगट टेकवा," काका म्हणाले, आणि दोन्ही हातांनी नळकांडं घट्ट धरून उभे राहिले. धरल्यावर हात थरथरत नव्हता.