थांबलेल्या पाण्यात संयोगिता

संयोगिता थोरात आष्ट्याजवळच्या, कृष्णेकाठच्या गावातली. गावच्या जत्रेला नदी पोहून जायची शर्यत लागते, ती तिनं लागोपाठ सात वर्षं मारली. बक्षीस ठरलेलं, पितळी घागर. सात घागरी सोप्यात ओळीनं मांडलेल्या, आणि तिची आई मंगल पाव्हण्यांना म्हणायची, "बघा की, लगीन ठरायच्या आधीच रुखवत मांडून बसलीय."

वडील लालासाहेब फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. बोलणं निम्मं गावचं, निम्मं छावणीचं. सांगलीच्या पोहण्याच्या तलावावर राज्याच्या संघासाठी चाचणी आहे असं कळलं, तेव्हा त्यांनी पोरीला मोटारसायकलवर घातलं आणि निघाले. "सात बार की चॅम्पियन हाय आमची. निवड काय, फॉर्म्यालिटी!"

फॉर्म्यालिटी दीड मिनिटात आटोपली. शिट्टी झाली, चौथ्या पट्ट्यातून संयोगिता सुटली, आणि डावीकडच्या पाचव्या पट्ट्यातल्या पोरीच्या पाठीवर जाऊन आदळली. मधली दोरी कधी ओलांडली, तिचं तिलाच कळलं नाही. पंचांनी तिला बाद केलं.

चूक अशी होती. कृष्णा आडवी पार करताना समोरच्या घाटाकडं तोंड करून चालत नाही. पाणी ओढतं, म्हणून वरच्या अंगाच्या पिंपळाकडं तोंड धरायचं, तेव्हा कुठं माणूस घाटाला लागतं. लहानपणापासून तिचं अंग डावीकडं, वरच्या अंगाला झुकलेलं. तलावात ओढ नव्हती, पण अंग झुकायचं ते झुकलंच.

तलावावर जिनेंद्र आवटी सर शिकवायचे. मऊ आवाज, नाकावर घसरलेला चष्मा. ते काठावर उकिडवे बसले. "बाळ, हे पाणी थांबलंय गं. तुझ्या एकटीलाच ते वाहतंय."

सरांनी तिला शिकवायचं कबूल केलं, पण अट घातली. पुढची चाचणी होईपर्यंत नदीत पाय घालायचा नाही. घातला, तर चाचणीला नाव पाठवणार नाही. लालासाहेबांनी परतीच्या वाटेवर आपली अट जोडली. "एक साल. सिर्फ एक. निवड झाली तर झाली, न्हाई तर पोहणं बंद आणि नर्सिंगचा फॉर्म भरायचा."

संयोगिता रोज पहाटेच्या एसटीनं सांगलीला जायची. तलावाच्या तळाशी काळी रेघ असते, तिच्यावरून नजर हलवायची नाही, एवढाच धडा. पहिले दोन महिने डावा दंड दोरीवर घासून सोलवटला.

माघात जत्रा आली. आदल्या दिवशी लालासाहेब म्हणाले, "गड्याहो, इज्जतीचा सवाल हाय. दहा मिंटाचं काम. सरांना कोण सांगतंय?"

"मी सांगीन की," संयोगिता म्हणाली.

"आपल्याच बापाविरुद्ध?"

"आवं आबा, मी न्हाई सांगितलं तरी अंग सांगंल. येकदा नदीत शिरलं की परत वाकडं हुणार."

ती घाटावर कोरड्या कपड्यांत बसली. घागर चुलतबहीण सृष्टीनं मारली. मागून गावातल्या भाऊसो तात्यांनी पानाची पिंक टाकली. "काय गं, डबक्यात पवून पवून पाण्याचं भ्या वाटाय लागलं व्हय?" सगळा घाट हसला. तीही हसली, पण ओठ दाताखाली धरून. लालासाहेब आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. भाकरी मागायची तरी मंगलला म्हणायचे, "सांग तुझ्या लेकीला."

मे महिन्यात चाचणी झाली. चारशे मीटर, तलावाच्या आठ फेऱ्या. जागा दोन. लालासाहेब न सांगता आले होते, आणि पहिल्या फेरीलाच त्यांच्यातला सुभेदार जागा झाला. "बायें मत जा! सीध्धा! सीध्धा चल!" दोनदा बजावून पंचांनी त्यांना फाटकाबाहेर काढलं. ते भिंतीपलीकडूनही ओरडतच राहिले. पाण्यात संयोगिताला शब्द कळत नव्हते. तिला फक्त काळी रेघ दिसत होती. सातव्या फेरीत ती तिसरी होती. आठव्या फेरीत खांद्यात जाळ पेटला, अंग डावीकडं पडू पाहत होतं. तिनं दातओठ खाल्ले आणि रेघ धरून ठेवली. भिंतीला बोटं लागली तेव्हा शेजारची पोर अजून हातभर मागं होती. दुसरा क्रमांक.

त्या जागेवरूनच पुढं राज्याची नऊ पदकं आली, पोलिसांतली नोकरी आली, आणि साताऱ्यात सकाळी पोरींना शिकवणंही आलं. त्या दुपारी मात्र ती ओल्या केसांनी फाटकाशी पळत गेली. लालासाहेब पाठ करून उभे होते, जसं काही ते एसटीची वाट बघत होते. लाउडस्पीकरवरून निकाल त्यांनी ऐकलेला होता, हे त्यांच्या लाल झालेल्या कानशिलांवरूनच कळत होतं.

"आबा, झाली निवड. दुसरी आले."

ते तिच्याकडं वळले. मग आठ दिवसांचा अबोला आणि एका सालाची अट दोन्ही गिळून विचारलं, "फुडं कोण हुती?"

"पुण्याची हाय येक."

"नाव लिहून घे तिचं."