सोळंके सरांच्या न घाबरणाऱ्या शेळ्या

परभणीच्या कॉलेजातले आम्ही प्राणिशास्त्रवाले कधीही भेटलो की गप्पा फिरून सोळंके सरांच्या पीएच.डी.वर येतात. आणि दर वेळी कुणीतरी नवा किस्सा काढतोच!

सर पेडगावचे. भीतीनं अ‍ॅड्रेनॅलिन वाढलं की मूत्रपिंडात रेनिन नावाचं एन्झाइम किती वाढतं, हा त्यांचा विषय. तुलनेला अजिबात न घाबरलेल्या शेळ्या हव्यात. शेळी दचकली की मेहनत पाण्यात! एकदा विभागप्रमुख शेळ्यांच्या शेडमध्ये खोकले. सरांनी हात जोडले, "सर, तुमी बाहेर जाऊन खोका. रेनिन वाढायलंय!"

*

मीठ तोडलं तरी रेनिन वाढतं. म्हणून काही शेळ्या बिनमिठाच्या ठेवल्या. पण त्यांचं रेनिन हलेचना! सर हवालदिल. शेवटी मीच शेडमध्ये डोकावलो. मे महिना, सर घामानं निथळत शेळ्यांना कुरवाळताहेत आणि शेळ्या आनंदानं त्यांचे हात चाटताहेत.

"सर, मीठ तर तुमीच चारायलात!"

दुसऱ्या दिवशी सर भर उन्हात फुल बाह्यांचा स्वेटर घालून हजर.

*

तपासणीचं मशीन औरंगाबादला. सर बर्फाच्या थर्मासमध्ये मूत्रपिंड घेऊन एस.टी.नं निघाले.

"मास्तर, थर्मासमधी काय हाय?" कंडक्टरनं विचारलं.

"मूत्रपिंड."

कंडक्टरनं घंटी मारून गाडीच थांबवली! "कुणाचं?"

"शेळीचं."

मागच्या सीटवरची म्हातारी म्हणाली, "मंग एवढंसंच कामून आणलं? सगळ्यायला पुरायचं न्हाई की!"

*

नामांतराचे दिवस होते. विद्यापीठाकडं मोर्चे, बंद. म्हणून सरांची तोंडी परीक्षा आमच्याच कॉलेजात ठरली. परीक्षक पुण्याचे, कडक. प्रबंध चाळताना थांबले.

"न घाबरलेल्या गटात एक शेळी कमी आहे. का?"

सरांनी खिडकीतून शेडकडं पाहिलं. एवढ्या वर्षांच्या मेहनतीची पदवी एका शेळीवर अडली होती, आणि आम्हा सगळ्यांचा सरांवर फार जीव.

"सर, ती शांतच होती," सर हळूच म्हणाले. "पण तिला कापायचं म्हटलं की माझंच अ‍ॅड्रेनॅलिन वाढायचं. न्हाई जमलं."

परीक्षकांनी चष्मा काढला. "आहे कुठं ती?"

दोघं शेडकडं गेले. आम्ही व्हरांड्यात ताटकळत उभे. बऱ्याच वेळानं परीक्षक पुढं येताना दिसले. हातात शेळीचं दावं!

मागं वळून त्यांनी विचारलं, "डॉक्टर सोळंके, हिला पाणी कुठं पाजता?"