चार खांद्यांची तालीम

आमच्या गिरगावच्या ख्रिस्ती मंडळीला उद्देश आहेत, हे मिशनच्या साहेबांनी सांगितले तेव्हा आम्हांला कळले. तोवर आम्ही रविवारी जमत होतो, गात होतो, कोण कोणाशेजारी बसले ते पाहत होतो आणि घरी जात होतो. साहेब म्हणाले, "विलायतेतल्या हितचिंतकांना समजले पाहिजे, तुम्ही कशासाठी एकत्र आला आहात. एक उद्देशपत्रक काढा."

काम माझ्याकडे आले. येणारच. मंडळीत पदवीधर मी एकटा. माझे वडील मिशनच्या छापखान्यात यंत्राचे चाक फिरवीत. त्यांच्या हातून छापून निघालेले एकही पुस्तक त्यांना वाचता येत नसे. त्यांचा मुलगा बी.ए. झाला ही काही लपवायची गोष्ट नव्हे, आणि मी ती लपवलीही नाही. बाकावर मी इतक्या ताठ पाठीने बसे की मागच्यांना उपदेश करणारे पाळक दिसत नसत.

मी आठ उद्देश लिहिले. पहिला असा: 'ऐहिक भेदाभेदांचे निर्मूलन करून ख्रिस्ताच्या एकदेहत्वाचा प्रत्यय आणणे.' बाकीचे याच वजनाचे. पाळकांनी वाचून तीनदा "फार छान" म्हटले, म्हणजे त्यांना कळले नव्हते. मिशन शाळेचे हेडमास्तर आमच्या पंचांतले वडीलधारे. ते म्हणाले, "एकदेहत्व राहू द्या. फक्त अर्थ विचारायला कोणाला माझ्याकडे पाठवू नका."

अर्थ विचारायला आली ती वरळीची कोळीण. विधवा, मूलबाळ नाही. गिरगावात मासे विकून झाले की टोपली दाराबाहेर ठेवून मागच्या बाकावर बसायची. वर्षभर बसली आणि मग बाप्तिस्मा मागू लागली. पंचांपुढे तिची परीक्षा ठेवली. उद्देश वाचून दाखवायचे आणि मान्य आहेत का विचारायचे, एवढीच ती परीक्षा. मी वाचले. माझा आवाज तेव्हा चांगला होता.

"बरं हाय," ती म्हणाली. "पन मी मेल्यावर मना उचलंल कोन?"

पाळक म्हणाले, "बाई, देवाचे दूत..."

"दूतांचं वर गेल्यावर. मना घरापासून खड्ड्यापर्यंतचं सांगा."

तिचे खरे होते. बाप्तिस्मा घेतला की कोळीवाडा तिला वाळीत टाकणार. दीर, पुतणे कोणी हात लावणार नाही. तिच्या नवऱ्याला बारा माणसांनी आळीपाळीने नेले होते. आपण मात्र दारात तशाच पडून राहू, ही एकच धास्ती तिला होती.

"मंडळी पाहील," हेडमास्तर म्हणाले.

"मंडळी म्हंजे कोन? तुमी?"

हेडमास्तरांची कंबर धरत असे, असे त्या क्षणी निघाले. मयताच्या वेळी पाळकांच्या हातात प्रार्थनेचे पुस्तक असायचे. मग ती माझ्याकडे वळली. "आनि तू रं, शिकल्याला?"

मी म्हणालो, "हे सगळे पहिल्या उद्देशात येते."

"कुठं?"

मी बोट ठेवून दाखवले. तिने कागद उलटासुलटा पाहिला. "हितं खांदा लिवलाय?"

लिहिलेला नव्हता.

"अहो बाई," हेडमास्तर म्हणाले, "मयत उचलणे हा काय मंडळीचा उद्देश असतो? विलायतेतले लोक काय म्हणतील?"

"त्यांचं मयत आपल्या पायानं चालतं?"

आधी चार माणसे दाखवा, मग डोक्यावर पाणी घाला, असे सांगून तिने टोपली उचलली. मुदत पुढच्या रविवारची.

आठवडाभर मी चार खांदे शोधत फिरलो. एक गृहस्थ म्हणाले, "आमच्यात परक्याला खांदा देत नाहीत." बाप्तिस्म्याला तीस वर्षे झाली तरी त्यांचे 'आमच्यात' शाबूत होते. दुसऱ्याला माशांचा वास सोसत नव्हता, आणि तो वास मेल्यावरही येत राहील अशी त्याची खात्री होती. शेवटी जमलो आम्ही असे: मी, माझे वडील, कारण चाक फिरवून त्यांचे खांदे तयार होते, पाळक, कारण पुस्तक मी धरते असे त्यांच्या बायकोने सांगितले, आणि हेडमास्तर. हेडमास्तरांना कोणी विचारलेच नव्हते. पाळक आले म्हटल्यावर मागे राहणे त्यांना शोभेना.

"उचलून दाखवा," ती म्हणाली.

उपासना आटोपल्यावर मागचा बाक अंगणात आणला. ती त्यावर बसली. आडवी हो म्हटले, तर म्हणाली, "आतापासून कशाला?" आम्ही बाक खांद्यांवर घेतला. मी उंच, पाळक बुटके. बाक त्यांच्याकडे कलला आणि बाई घसरू लागली.

"ए उंच्या, वाक की जरा. शिकल्यावर वाकता येत नाय का?"

माझे वडील मागून हसले. मी वाकलो आणि बाक सरळ झाला. हेडमास्तर धापा टाकत होते. "बाई, तुम्ही खाता तरी काय?"

"तुमाला इकते तेच."

अंगणात एक फेरी झाली. "चालंल," ती म्हणाली. पुढच्या रविवारी तिच्या डोक्यावर पाणी पडले आणि पत्रकात नववे कलम आले, तिने सांगितले तसेच: 'कोणी मेला तर चौघे उचलू, चौघे नसले तर असतील ते.' साहेबांनी इंग्रजी करताना ते गाळले. विलायतेला आठच गेले. तिकडे ते फार आवडले म्हणतात.

दोन-तीन वर्षांनी मुंबईत गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आला. ज्याला जिथे आसरा मिळाला तिथे तो पळाला. आमची मंडळीही पळाली. हेडमास्तर राहिले, आणि तापाने गेले. त्यांच्या दारात पेटीशी पाळक, माझे वडील आणि मी, असे तिघेच उभे. चौथा येईल म्हणून दुपारपर्यंत वाट पाहिली.

ती विक्री आटोपून आली. टोपली खाली ठेवली आणि डोक्यावरची चुंबळ काढून खांद्यावर ठेवली.

"बाईमाणसाने खांदा..." पाळक चाचरले.

"नववं काय लिवलंय?"

तिचे डोके माझ्या खांद्याला लागत होते. या वेळी कोणी सांगायच्या आत मी वाकलो. गल्लीच्या तोंडाशी मयताची गाडी उभी होती, तिथवर जायचे होते. चार पावले गेल्यावर ती पेटीकडे तोंड करून हळूच म्हणाली, "मास्तर, तुमी खात होता तरी काय?"