नावापुढची रेघ

शेजारी कुणी तंबाखू मळू लागलं की मला निपाणीतली एक वखार आठवते. आणीबाणी उठली त्या साली मी तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवत होतो. बेळगावच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं, आपल्या वर्गाचा आपणच अभ्यास करा, वहीत नोंदी ठेवा. मी आठवीचा वर्ग घेतला. कुणी इंग्रजीत उत्तर दिलं की त्याच्या नावापुढं एक रेघ. शेवटच्या बाकावरच्या एका मुलीपुढं दिवाळीपर्यंत एकही रेघ पडली नाही. ‘अबोल’, मी लाल शाईनं लिहिलं. सुट्टीनंतर ती आलीच नाही. चौकशीला गेलो, तर वखारीत आईशेजारी तंबाखू निवडत बसलेली, तोंडाला फडकं बांधून. धुरळ्यानं मला ठसका लागला. “शाळा का सोडवली?” मी आईला विचारलं. हात न थांबवता ती म्हणाली, “तीच नगं म्हणती, सर. रोज धडा पाठ करून यायची. तुमी समद्यास्नी उठवतासा, हिला एकदाबी इचारलं न्हाय.” मुलीनं मान वर केली नाही. घरी येऊन वही चाळली. उत्तरांच्या रेघा होत्या; मी कुणाला विचारलं, याची नोंद कुठंच नव्हती. तरी अहवालात लिहिलं, ‘गळती एक. कारण, घरची गरिबी.’ पुढच्या प्रशिक्षणात तो अहवाल नमुना म्हणून वाचून दाखवला गेला. अजूनही तो वास आला की मला ठसका लागतो. बायको पाणी आणून देते. मला तंबाखू सोसत नाही, एवढंच मी तिला सांगितलंय.